बुधवारची दुपार

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

उर्वीच्या दप्तरात पत्र! डब्याखाली चुरगळलेलं, वर केळ्याचा डाग. तारीख गेल्या शुक्रवारची. म्हणजे चार दिवस हे पत्र केळ्याच्या संगतीत होतं आणि बाईसाहेबांना सांगावंसं वाटलं नाही.

आसपासच्या सहा सरकारी प्राथमिक शाळा मिळून हुशार मुलांचा एक गट काढतायत. दर बुधवारी दुपारी, दुसऱ्या शाळेत, मिनीबसनं ने-आण. प्रत्येक शाळेतून चौथ्या इयरची, म्हणजे चौथीची, दोनच मुलं. उर्वीचं नाव तिच्या वर्गशिक्षिका मिसेस पेल यांनी सुचवलंय. पालकांनी विचार करावा, फॉर्म भरावा.

विचार कसला करायचा! अवधूतनं ऑफिसातून निघायच्या आधीच नाशिकला त्याच्या आईंना फोन केलेला. आईंचं एकच, "अगं, दृष्ट काढ आधी तिची."

गुरुवार, १८ सप्टेंबर

फॉर्म भरला. दोन संध्याकाळी गेल्या. "तुमच्या मुलीबद्दल आम्हाला सांगा" असा एक मोठा रिकामा चौकोन होता. तो आम्हाला पुरला नाही, मग वेगळा कागद जोडला. अबॅकस पाचवी लेव्हल, गणित ऑलिम्पियाड, कथ्थकच्या दोन परीक्षा, हस्ताक्षर स्पर्धा, गीतेचा बारावा अध्याय पाठ. अवधूतनं अकरा प्रमाणपत्रं स्कॅन करून एका फाइलीत घातली आणि वर अनुक्रमणिका केली! मी म्हटलं, "अरे, नोकरीचा अर्ज आहे का हा?" तर म्हणतो, "उल्का, इथे परक्या देशात आपल्याला कोण ओळखतं? आपणच सांगायला हवं."

ते पटलं. पाठवला.

बुधवार, २४ सप्टेंबर

शाळा सुटताना मिसेस पेलनी मला फाटकापाशी थांबवलं. हातात आमचा फॉर्म. सगळ्या आया बघतायत!

बाई फार गोड बोलतात, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाल्या, "इतकं मनापासून कुणीच भरलं नव्हतं. पण ही सगळी तुम्ही ठरवून दिलेली कामं आहेत. कुणी काही सांगितलं नसताना ती काय करते? मला ते हवंय. पुन्हा एकदा लिहाल?"

मी "शुअर, शुअर" म्हणत राहिले. घरी येईपर्यंत डोकं तडतडत होतं. मुलीनं एवढं केलं त्याचं काहीच नाही? तीन वर्षं शनिवार-रविवार मी गाडी हाकली ते उगाच?

भांडी घासताना लक्षात आलं. राग बाईंचा नव्हता. उत्तर येत नव्हतं मला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

अवधूतला विचारलं, कुणी काही सांगितलं नसताना उर्वी काय करते?

"वाचते की."

काय वाचते?

"...तू सांग ना."

आई आणि बाप, दोघांच्या दोन-दोन डिग्र्या. आणि हा प्रश्न ऑप्शनला.

शनिवार, २७ सप्टेंबर

अबॅकस, कथ्थक, सगळं दोन आठवडे बंद. क्लासेसना कळवलं की घरी पाहुणे आहेत. खोटं बोलले. पण मुलगी रिकामी ठेवायचीय म्हणून येणार नाही, असं कुणाला सांगायचं?

उर्वीनं दुपारपर्यंत तीनदा विचारलं, "मग मी काय करू?" मी म्हटलं, तुला वाटेल ते. ही टेस्ट आहे का, असंही विचारून झालं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काहीही करत नाहीये. जिन्यात पालथी पडून असते.

रविवार, ५ ऑक्टोबर

सापडलं!

म्हणजे समोरच होतं. शाळेच्या वाटेवर तीन सिग्नल ओलांडावे लागतात. उर्वी प्रत्येक ठिकाणी तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि मी तीन वर्षं "पटापट चल" म्हणत ओढत नेते. आज जिन्यात तिच्या शेजारी बसले, नुसतीच. पंधरा मिनिटांनी तिनं अबॅकसची वही उलटी उघडून माझ्या मांडीवर ठेवली. मागच्या पानांवर आकडेच आकडे. कुठल्या सिग्नलला हिरवा माणूस किती सेकंदांनी येतो! खांबावरचं बटण दाबून, बटण न दाबता, पाऊस असताना, घाई असताना. मे महिन्यापासून!

"आई, ते चर्चजवळचा बटण आहे ना, तो सकाळी काहीच करत नाही. दाबला तरी सेम, नाही दाबला तरी सेम. तो फक्त लोकांना बरं वाटायला आहे."

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर पगार घेते. ते बटण मी रोज दाबते. दोन-दोनदा दाबते! मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, माझा मान!"

सोमवार, ६ ऑक्टोबर

फॉर्म पुन्हा भरला. सहा ओळी. प्रमाणपत्र एकही नाही. मिसेस पेल, तुमचे उपकार कसे फेडू?

बुधवार, १५ ऑक्टोबर

जागा मिळाली! उर्वी आणि दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी, मायरा. सत्राच्या मधल्या सुट्टीचा आठवडा संपला की पाच नोव्हेंबरपासून सुरू.

चकल्या तळत होते तेव्हा ईमेल आली. हात पिठाचे, तसाच फोन धरला. अवधूतनं मला उचलायचा प्रयत्न केला, मग कंबर धरून बसला. फार छान दिवस गेला. कुठल्या गावाहून कुठे आलो, ना ओळख ना पाळख, आणि शाळेनं आपण होऊन मुलीचं नाव दिलं. खरंच भरून आलं.

उर्वी कथ्थकच्या जादा तालमीला गेली होती, आली ती झोपलेलीच. तिला उद्या सांगू.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सांगितलं. म्हणाली, "नको."

शांतपणे. वरणभात खाता खाता.

"बुधवारी स्विमिंग असते."

आमच्या कसं लक्षात आलं नाही? चौथीच्या वर्गाला बुधवारी दुपारी तरण तलावावर नेतात. गटात गेली तर पोहणं बुडणार. पण उर्वी लाल टोपीवाल्यांत आहे, म्हणजे सगळ्यात खालच्या गटात. अजून फोमच्या नळीला लटकून पाय मारते. त्यासाठी हे सोडायचं?

शनिवार, १८ ऑक्टोबर

अवधूतशी कडाक्याचं भांडण. तो म्हणतो, पोहणं शनिवारीही शिकवता येतं, हे पुन्हा मिळणार नाही. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात आपण निर्णय देतो का? बरोबर बोलतोय. मी तरीही भांडले.

त्याला नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते. मी चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात तिसरी आले होते. सांगलीत आमच्या गल्लीत माझा सत्कार झाला. तेव्हापासून वर्गात उत्तर शंभर टक्के येत असेल तरच हात वर करायचा, ही सवय लागली. सहावीत गाण्याच्या परीक्षेत दुसरी श्रेणी मिळाली आणि मी गाणं सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. आवडायचं मला गाणं. खूप आवडायचं.

उर्वीनं उन्हाळ्यात अबॅकसचं एक उत्तर चुकलं म्हणून अख्खं पान फाडलं होतं. मी ते पान चिकटपट्टीनं जोडलं आणि "बघ, जमतंय की" म्हटलं. मला तिच्यासाठी भीती वाटते. त्या गटात सगळीच हुशार. तिथे ही मागे पडली तर? माझ्यासारखं मिटून घेतलं तर?

अवधूतला मात्र भलतीच भीती. मुलगी मागे राहील ही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

शाळेला तलावावर मदतीला एक आई हवी होती. कालच लक्ष्मीपूजन झालेलं, घरात पसारा, तरी अर्धी रजा टाकून गेले. मिसेस पेलही होत्या.

तिथली मजा काय सांगू! लाल टोप्या सहा. उर्वीनं नळी सोडली, दोन हात मारले आणि गडप! मी बाकावरून उठलेच. पोहण्याच्या शिक्षिकेनं तिला वर काढलं. नाकातोंडात पाणी, खोकला, डोळे लाल. आणि ही हसतेय! खदखदून. "पुन्हा!" म्हणाली. पुन्हा बुडाली. पुन्हा हसली. सात वेळा मोजलं मी.

आमची उर्वी. पान फाडणारी.

मिसेस पेल शेजारी येऊन बसल्या. मी सगळं सांगून टाकलं, स्कॉलरशिपसकट. परक्या बाईला, ओल्या बाकावर! त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोहणं नाताळला संपतं. तोवर तिची जागा ठेवता येते का बघते. पण जानेवारीतही तिनं मनानं हो म्हटलं तरच यावं."

गाडीत उर्वीला विचारलं, बुडल्यावर रडू नाही आलं? तर माझ्याकडे बघून म्हणाली, "पण मला येतच नाही ना ते अजून!"

सोमवार, ३ नोव्हेंबर

जागा ठेवलीय! नाताळापर्यंत. अवधूतनं स्वतः आभाराची ईमेल लिहिली. तीन परिच्छेद. अनुक्रमणिका नव्हती.

त्याला तलावावरचं सगळं सांगितलं होतं. एवढंच म्हणाला, "सात वेळा?" परवा बुधवारी तोच जाणारे मदतीला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाच मीटर. नळीशिवाय!! अवधूतनं तलावावर इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्याला गप्प बसायला सांगितलं म्हणे.

अबॅकस कायमचं बंद केलं. कथ्थक तिला हवंय, ते चालू.

बुधवार, १० डिसेंबर

पोहण्याचा शेवटचा दिवस. पिवळी टोपी मिळाली, लालच्या वरची. हुशार मुलांच्या गटाबद्दल आम्ही दोघांनीही अवाक्षर काढलेलं नाही. अवधूतला किती जड जातंय ते मला दिसतं. जेवताना तीनदा तोंड उघडून तीनदा पाणी प्यायला.

ती नाहीच म्हणाली तर? तर नाही. हे आज लिहिताना हात अडखळला नाही, याचंच मला नवल वाटतंय. मुलगी चांगली आहे, शाळा चांगली आहे, बाई तर देवमाणूस. आणखी काय हवं?

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज शाळेला नाताळची सुट्टी लागली. फाटकाशी उर्वी मला सोडून परत आत पळाली, मिसेस पेलकडे. मी मागोमाग. धापा टाकत विचारत होती, त्या बुधवारच्या गटात काय असतं? तिथलं तिला आधीच येत असेल का?

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं पुष्कळ चुकेल तिथे."

उर्वीनं माझ्याकडे वळून पाहिलं. तीन वर्षं वर्गात आधीच येतं तेच करत बसलेल्या हिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

"खरंच चुकेल, आई? प्रॉमिस? मग मला जायचंय."