नाकारलेली ओटी

अणदूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८७०

हे लिहून ठेवू नये, कळतंय. पण जीव नुसता जळतोय.

सोलापूरहून निघताना ह्यांनी पिस्तूल माझ्या ओच्यात खोचायला लावलं, वरून पदर गच्च गुंडाळून घ्यायला सांगितला. "लुगड्याची झडती कोण घेतंय?" म्हणाले, आणि स्वतः रिकाम्या हातानं मागच्या गाडीत बसले. खरंच, नाक्यावर निजामाच्या पोलिसानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पण गावात शिरताच यमूनं गाडी थांबवली. माझी लहानपणची मैत्रीण. घरात चैत्रगौर मांडलेली, हाताला धरून आत नेलं. कुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओंजळ भरली. "गोदे, पदर पुढं कर."

पदर सोडला असता तर पोटावरचा फुगवटा दिसला असता. समोर तिची सासू, पोलीस पाटलाची सख्खी बहीण. मी म्हटलं, "आज ओटी नको."

ह्यांनी नाक्याचा विचार केला, चैत्राचा केला का? पुरुषाला ओटी कुठनं आठवणार!

यमूचं लेकरू श्रावणात गेलं. तेव्हापासून बायका तिच्या हातची ओटी टाळतात. तिच्या ओंजळीतून पाणी ठिबकत होतं. हळूच म्हणाली, "तुला बी माझा हात नको व्हय?"

मी तशीच उठून आले. ती ठिबकणारी ओंजळ डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी ह्यांनी पिस्तूल घेतलं, खूश होऊन विचारलं, "कुणाला संशय आला न्हाय ना?"

न्हाय, म्हटलं.

यमूला आला. स्वतःच्याच हाताचा.