सेम्पिज्जा काकांच्या भाल्याबद्दल

नाही म्हणजे नाही, काका. तुम्ही पुन्हा तेच कळवलंत, ‘माझ्या मृत्युपत्रात तुला वारस केलाय, परत ये.’ आता माझंच मृत्युपत्र वाचा. बाहेरच्या चौकीवर धाडण्याआधी कंपनी प्रत्येक गार्डकडून लिहून घेते.

मी, डेनिस कवूमा, वय चोवीस, राहणार मित्याना, युगांडा, सध्या बगदादजवळच्या छावणीत पहारेकरी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी दटावलं नसताना लिहून ठेवतो की :

एक. मित्यानाचा जमिनीचा तुकडा आणि त्यावरच्या केळी आईच्या. मला इथं पाठवणाऱ्या एजंट काटोला त्यातला एक घडही देऊ नये. माझा पहिला पगार खाल्लाय, तेवढ्यात त्याचं पोट भरावं.

दोन. बचत गटातले पैसे धाकटीच्या शाळेला. रेडिओ बराकीतल्या ओपोलोटला, तसाही तोच वापरतो. बूट कंपनीचे, ते परत.

तीन. काका, कुळात वारसाला देतात तो तुमचा भाला आणि झाडाच्या सालीचं वस्त्र मला नको. तुमच्या शेवटच्या विधीला ते घेतलं की तुमचं नाव मला लागणार. आधी हे ऐका.

सोळा वर्षं तुम्ही संरक्षण मंत्रालयात होतात. ‘इथं बंदुका मोजतात, बंदूक धरून उभ्या पोराला कोण मोजतो?’ म्हणत खुर्ची सोडलीत आणि सुरक्षा धोरणाचा अभ्यास करत गेटोगेट फिरायला लागलात. मी कंपालात पहारेकरी होतो, तेव्हा माझ्याही गेटवर आलात. सोड्याच्या क्रेटवर बसून विचारलंत, "जेवतोस कधी रे, बाळा?" तेवढ्यात मॅनेजर आला. "हा म्हातारा कोण?"

मी म्हणालो, "कुणी नाही, साहेब. डोक्यानं अधू आहे. येऊन बसतो."

तुम्ही हसून म्हणालात, "खरंय, साहेब. शहाणा असतो तर मंत्रालयातच नसतो का?" आणि क्रेट उचलून रस्त्यापलीकडं गेलात.

परवा ओपोलोटनं पहारेकऱ्यांवरचा तुमचा अहवाल बराकीत वाचून दाखवला. त्यात आहे, ‘नोकरी जाण्याच्या भीतीनं एका पहारेकऱ्याला स्वतःच्या काकाची ओळखही देता आली नाही.’ शेजारच्या खाटेवरचा तुमविने म्हणाला, "बिचारा." मी पांघरूण डोक्यावरून ओढलं.

ते वाक्य खोटं आहे, काका. मला कसली भीती नव्हती, मॅनेजर चांगला माणूस होता. तुमच्या बुटाचा तळवा तारेनं बांधलेला होता, त्याची लाज वाटली. मंत्रालयाच्या गाडीतून उतरायचात तेव्हा मी गावभर सांगायचो, ते माझे काका.

म्हणून अट घालतो. ते वाक्य काढा, नाहीतर खरं लिहा. मग तुमच्या लेकीला, नब्बोसाला, आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून सगळं सांगा. त्यानंतरही भाला माझ्याच हाती द्यावासा वाटला, तर येईन.

सही : डेनिस कवूमा

साक्षीदार : पीटर ओपोलोट, जोराम तुमविने, दोघे याच बराकीतले. तो पहारेकरी कोण, हे त्यांना आत्ता कळलं. तरी सह्या केल्या.

बगदादजवळची छावणी, ९ मार्च २०११

ता. क. नब्बोसाच्या फोनवर पैसे येतील. ते अभ्यासात घालू नका, बूट घ्या. एक लाख चाळीस हजार शिलिंग.