दुधी-बीटाच्या रसाचं तेज

चारुलता,

मी एरंडोलला अक्काकडे चाललोय. परवा येईन. माझा चेहरा तुझ्या रसाने उजळला, असं तू भिशीत सांगून बसलीस आणि आज चारला त्या बठ्ठ्या, एकूण एक बायका मला बघायला येणार, म्हणून पळतोय. चेहरा चमकतो हे खरं, पण ते मळ्यात चोरून खाल्लेल्या भरताचं तेल आहे. तुझा दुधी-बीटाचा रस दीड महिना मी शेजारच्या शहजादीच्या शेळीला पाजला. रागावू नकोस, सूनबाई. रस बंदही करू नकोस. शेळी सकाळी सातला खिडकीशी येऊन उभी राहते.

बायका ऐकेनातच, तर तिलाच दाखव. अंग कसं आरशासारखं झालंय! फक्त तिची लाल झालेली दाढी आधी पुसून घे.

आबा