मुकं खोकं

आप्पा, तुम्हाला लिहायला चाळीस वर्षं उशीर झाला, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली आणि हाताला लिहायची सवय राहिली नाही, हे एक झालं. दुसरं म्हणजे, तुम्हाला मुद्दाम सांगावं असं काही माझ्या हातून झालंच नाही. आजही झालेलं नाही. पण खोक्यातलं दुसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या नातीच्या गळ्यात गाठ निघाली आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच महिन्यांची होती. आता नागपूरला असते, मुलांना गाणं शिकवते. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. पंधरा दिवसांमागं तिनं फोनवर एवढंच मागितलं, "बाबा, आज्जाचा तंबोरा पाठवा. त्याच्याजवळ बसून एकदा मनासारखं गाऊन घेते, मग काय व्हायचं ते होऊ दे." माझे गुडघे गेलेत. तो भोपळा सांभाळत एवढ्या लांब जाणं मला जमणार नव्हतं. एवढ्या मापाची तयार पेटी सोलापुरात मिळाली नाही. म्हणून खोकं घरीच करायला घेतलं.

माप घ्यायला गेलो तर टेपचं टोक तुटलेलं, पहिले किती इंच गेलेत तेच कळेना. मग सतरंजीवर तंबोरा आडवा ठेवला आणि त्याच्या शेजारी मीच आडवा झालो. माझी उंची मला माहीत आहे. भोपळा माझ्या पायांशी, खुंट्या कपाळाशी. तेवढ्यात शेजारची सूनबाई शेंगाचटणी द्यायला आत आली आणि दारातच ओरडली, "काका! अवो काका, काय झालं?"

"काही नाही, माप घेतोय."

"कुनाचं?"

मी तंबोऱ्याकडं बोट केलं. तिनं वाटी खाली ठेवली. "असलं करू नका की काका. घरात आजारपण हाय, आन् तुमी हितं हातपाय सरळ करून पडताय." ती गेल्यावर उठून पाहिलं, तर खडूची खूण तंबोऱ्याच्या टोकाशी करायची ती माझ्या डोक्याशी झाली होती. फळ्या त्याच मापानं कापल्या गेल्या. खोकं चार बोटं लांब झालं, ते तंबोऱ्याचं नाही, माझ्या मापाचं झालं. हे मी कुणाला बोललो नाही. जास्तीच्या जागेत जुन्या चादरीचे बोळे कोंबले.

तुम्ही असता तर त्या फळ्या फेकून दिल्या असत्या. गिरणीतलं पॅकिंग खातं मला अजून दिसतं. तुमच्या कानावर पेन्सिल, तोंडात खिळे. मी विशीतला, नवा लागलेलो. मालकांच्या बंगल्यावर जायच्या आरशांचं खोकं मी एकट्यानं बांधलंय आणि शाबासकीची वाट बघतोय.  तुम्ही खोकं दोन्ही हातांनी उचलता, कान लावता, हलवता. आत खुट्ट होतं. "बोललं बघ," तुम्ही म्हणता. "वाटेत बोलतं ते वाटेत मरतं. खोकं कसं पाहिजे?" सगळं खातं एका सुरात ओरडतं, "मुकं!" आणि हसतं. मी काहीतरी सांगायला जातो, तर तुम्ही कानडीत म्हणता, "सुम्मनिरु," गप बस. सगळे खिळे मला परत काढायला लावता. त्या दिवसापासून माझ्या हातचं एकही खोकं बोललं नाही.

हेही बोललं नाही. तारा उतरवल्या, तारा टेकतात ती घोडी काढून वेगळी बांधली, भोपळ्याला चादरीचं घरटं केलं, दांडीखाली तीन ठिकाणी आधार दिले, झाकणाला स्क्रू मारले. मग कान लावून हलवलं. काही नाही. चाळीस वर्षांत एवढं चांगलं काम झालं नव्हतं, आप्पा. त्याच आनंदात मी फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणायच्या आत बोलून गेलो, "मुकं झालं बघ बाई! एकदम मुकं!"

  ती हळूच म्हणाली, "बरं बाबा." आणि फोन ठेवला.

तिला आपल्या खात्यातला शब्द कुठून माहीत असणार? परत फोन करून समजावून सांगावं, तर समजावताना तोच शब्द पुन्हा उच्चारावा लागणार. दोनदा नंबर काढला, दोनदा हात मागं घेतला. तेव्हापासून फोन जावईबापूच उचलतात. म्हणतात, ती पडलीय, ती आत आहे, नंतर बोलेल. अजून बोललेली नाही.

शनिवारी खोकं ट्रान्सपोर्टला नेलं. हमालानं एका बाजूनं उचललं आणि हसला, "क्या चाचा, अंदर कौन सोया है?" मी हसलो नाही. दुसरा म्हणाला, "चाचा, अंदर कुछ हिलरा देखो. खोल के बांधो." मी म्हणालो, "हिलू दे." तीन दिवसांत पोचतं म्हणाले होते. आज गुरुवार. ऑफिसात विचारलं की गाडी वाटेत आहे म्हणतात. कुठल्या वाटेत, ते सांगत नाहीत.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. तो फोन झाल्यावर मी स्क्रू काढले आणि खुंट्यांकडचे चादरीचे बोळे उपसून टाकले. चार बोटं जागा मोकळी केली. झाकण लावून हलवलं तर आतून खुट्ट झालं. मला बरं वाटलं. मुकं खोकं तिच्या दारात जायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. भोपळा किती पातळ असतो ते मला माहीत आहे. माहीत असून पाठवला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते मला कळतं. तुम्ही शिव्या द्या, पण तिचं काय होणार ते तिकडं कळत असेल तर कसंही करून कळवा. लवकर कळवा आप्पा, उद्या जावईबापूंचा फोन यायच्या आत.