रोलरचं चाक

शुक्रवार, जून २००४. रात्र.

उद्या पेरायचंच. जमिनीला वाफसा आला हाय, ओल दोन दिसात उडून जाईल. आमच्या मालकाचा हात प्लास्टरात, म्हणून मी म्हणलं ट्रॅक्टर मी हाकते. तर भाया, मालकाचे थोरले भाऊ, ओट्यावरून म्हणतात, "बाईनं औत हाकू न्हाई, पाऊस रुसतो."

भायाला उलट बोलायचं नसतं. मी बोलले. "तिफणीमागं बी सोडायला बाई चालते, दादा. तवा न्हाई रुसत व्हय?"

काय करू, वाफसा थांबून राहिला का?

तवापासून तो सडक दाबायचा रोलर डोक्यात फिरून राहिला. लग्नानंतर मी गोरेगावच्या सडकेवर खडी पसरायला जायचे. एका दुपारी रोलरवाल्यानं गंमत म्हणून वर बसवलं. "घे बाई, वळवून दाखव." हातातलं चाक गरगर फिरवलं, पुढचा ढोल हलंच ना. खाली बाया हसून राहिल्या. मी फिरवतच राहिले. मग वळला, म्हशीवानी, सावकाश. सडकेच्या टोकापर्यंत नेला. उतरले अन् परत खडीचं घमेलं उचललं.

त्या चाकापुढं ट्रॅक्टरचं चाक म्हणजे काय? अंगणातून तर ट्रॅक्टर मी कवापासून काढते.

जेवताना मालक म्हणले, "तू पुढं बसली तर मागं पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबतात त्या कोण पाहील? ते तर तुझं काम."

"आता तुमचं. एक हात पुरतो त्याला."

भाया ताटावरून उठले न्हाईत, भाकरी मोडत राहिले. मालक त्यांच्याकडं पाहून माझ्याकडं वळले. "हळू हाक. न्हाई तर मी मागून पडन."

म्हणजे व्हय. खुंटीवरची चावी मी पदराला बांधून ठेवली.