उंच पायांचा पलंग

अहिल्यानगर (तुझ्यासाठी नगरच),
२६ ऑगस्ट २०२५

ती. इंदूताईस,
माधवचा कृ. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं तर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. त्यापेक्षा आपलं पोस्टच बरं.

तू न्हाणीघरात दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा मी हात जोडले होते, की आता संगमनेरला एकटी राहू नकोस, कायमची आमच्याकडे ये. त्यावर तू अट घातलीस. खाली बसलं की उठता येत नाही, प्लायवूडच्या दिवाणावर पाठ टेकत नाही, जुन्या लाकडाचा उंच पायांचा पलंग मिळाला तर येईन. असा पलंग मिळायचा नाही, अशी तुझी खात्री होती ना? मिळाला!

इथलं एक मंगल कार्यालय बंद पडलं. वारसांच्या वाटण्यांत सगळं सामान लिलावात निघालं. पातेली, सतरंज्या, खुर्च्या, आणि त्यांच्यामागे वरपक्षाच्या खोलीतला हा पलंग. हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर, डोक्याकडच्या बाजूला प्लायवूड ठोकलेलं. एक जळाऊ लाकडाचा व्यापारी त्याच्यावर डोळा ठेवून होता, पण मी हटलो नाही. निवेदिता म्हणते, लग्न झाल्यापासून तिने मला इतकं इरेला पेटलेलं पाहिलं नव्हतं.

पलंग नागापूरला सूर्यभान मिस्त्रीकडे टाकलाय. उद्या गणपती बसतील, ते उठले की तो काम धरील. भाऊबीजेला यायचं, आणि परत जायचं नाव काढायचं नाही.

लोभ आहे म्हणूनच हा उपद्व्याप करतो आहे.

तुझा,
माधव


संगमनेर,
३ सप्टेंबर २०२५

चि. माधवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अट घालताना जरा आणखी अवघड घालायला हवी होती. पण शब्द दिला म्हणजे दिला. भाऊबीजेला येते.

लिलावातली वस्तू म्हणजे कुणाचं तरी मोडलेलं घर, असं आधी मनात आलं. पण कार्यालयातला म्हणतोस, म्हणजे फार तर रुसलेले नवरदेव बसले असतील त्याच्यावर. चालेल.

आवराआवर सुरू केली आहे. कुंड्या शेजारच्या रुपालीला दिल्या. ती रडली, म्हणून मीही रडले, आणि मग दोघींनी चहा घेतला. खरं सांगू का, रात्री न्हाणीघरात जायचं तर हल्ली भीती वाटते. हे निवेदिताला सांगू नकोस, नाहीतर उद्याच गाडी घेऊन दारात उभी राहील.

पलंग आरशासारखा चकचकीत करू नकोस. आणि फोटो पाठव, पण मोबाईलवर नको, कागदावर पाठव.

जपून राहा. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. माया आहेच.

ताई


अहिल्यानगर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहेत. बघ आणि बोल!

मिस्त्रीने पेंट तापवून तापवून खरवडला. प्लायवूड उचकटलं, तर आत अस्सल शिसवी लाकूड, आणि त्यावर कोरलेले, एकमेकांकडे तोंड केलेले दोन पोपट. मिस्त्री सारखा म्हणत होता, की लई जुनं काम हाय, आता असं करनारं कुनी न्हाई. मला ते पोपट कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले, पण तेव्हा असे पोपट घरोघरी असायचे.

डावीकडच्याची चोच मोडलेली होती. मिस्त्रीने तसंच लाकूड शोधून नवी चोच घडवली. सांधा कुठे आहे ते दाखवून दे म्हटलं तर मलाही दाखवता येणार नाही. एक फोटो चोच नसतानाचा आहे, दुसरा नंतरचा. वर लाखेचं पॉलिश आणि नवी कोरी नवार.

निवेदिता म्हणत होती, पितृपक्ष चालू आहे, सर्वपित्री होऊ दे, मग घरात आणू. पण मिस्त्रीचा टेम्पो रिकामा होता, म्हणून मी आणलाच. तुझ्या खोलीत खिडकीजवळ लावलाय. येता-जाता उगाच डोकावतो.

कौतुकाचं पत्र येऊ दे. लोभ त्यातच आला.

माधव


संगमनेर,
२० सप्टेंबर २०२५

चि. माधवास,
अनेक आशीर्वाद.

हा आपल्या आईचा पलंग आहे, माधव.

मला भास झालेला नाही. ती मोडलेली चोच माझ्याकडे आहे, सुईदोऱ्याच्या डब्यात. आईचं शेवटचं दुखणं तुला आठवतं. कळ आली की ती हात मागे नेऊन तो पोपट घट्ट धरायची. धरून धरून चोच खिळखिळी झाली आणि एके दिवशी तिच्या मुठीतच आली. पोपट कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले म्हणतोस. अरे, त्यांच्यासमोर लहानाचा मोठा झालास! पण तुला घरातलं कधी काय दिसलं म्हणा.

आईच्या दिवसांत आपण शय्यादान केलं. गोविंदभटजींना हाच पलंग दिला, गादी, छत्री, चपला, तांब्यासकट. उदक तुझ्या हातून सोडलं. भटजींनी पुढे विकला असेल. विकू दे, त्यांचाच होता तो. पण आईच्या नावाने दिलेलं दान पुन्हा आपल्याच घरात यावं, आणि तेही पितृपक्षात? त्यावर मी कशी झोपू?

तुझ्यावर राग नाही. तू माझ्यासाठी केलंस. पण तो पलंग त्या घरात असेतो मला येववणार नाही. रुपालीला कुंड्या परत मागणार नाही, एवढंच.

निवेदिताला आशीर्वाद. माझ्यावर रुसू नका.

ताई


अहिल्यानगर,
६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही घडेना.

गोविंदभटजींच्या नातवाचा पत्ता काढला. तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, की पलंग ठेवायला जागा नाही, पण इंदूकाकूंना नमस्कार सांगा. मग मिस्त्रीला म्हटलं, फुकट घेऊन जा. तो खूश झाला. मी मुकाट्याने बसायचं ना? पण खरं सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा निरोप आला, की मेल्या मानसाची खाट आमच्या दारात नको. बरं, तोडून टाक म्हटलं, तर मिस्त्री म्हणतो, की माज्या हातानं उभा केलाय, त्याला करवत लावनार न्हाई. वृद्धाश्रमात विचारलं, तिथे लोखंडी खाटाच चालतात.

गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, की मोल देऊन घेतलेल्या वस्तूला दोष नाही. माझं समाधान झालं. पण तू कोणत्या गुरुजींचं ऐकलंयस आजवर!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. शय्यादानात लोक हलकी खाट देतात. आपण एवढा शिसवी पलंग का दिला? मी तेव्हा नगरहून रविवारी येणारा पाहुणा. तू सांगितलंस तिथे पाणी सोडलं आणि सोमवारी कामावर हजर झालो.

ताई, तू यावीस म्हणून पलंग आणला आणि त्याच्यापायीच तू येत नाहीस. तिकडे तू पुन्हा पडशील, ही भीती इथे मला झोपू देत नाही. मला काही सुचत नाही. लहान होतो तेव्हा काही सुचेनासं झालं की तुझ्याकडे यायचो, तसाच आलोय असं समज.

लोभ कमी करू नकोस.

माधव


संगमनेर,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. माधवास,
अनेक आशीर्वाद.

एवढा पलंग का दिला, विचारतोस. मला तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून दिला. शास्त्राचं नाव पुढे केलं, की कुणी वाद घालत नाही. आई गेल्यावरही येता-जाता मी त्याच्यावरची चादर नीट करत होते. वेड लागायची वेळ आली होती.

तुझ्या मागच्या पत्रात करवतीचं वाचलं. तेव्हा कळलं, की मला तो घरात सोसत नाही आणि कुणी तोडलेलाही सोसणार नाही. म्हातारीचं तंत्र सांभाळणं अवघड असतं बाबा, पण तूच बोलावलंस.

तर पलंग असू दे. मी भाऊबीजेला येते. त्याच्यावर धुतलेली चादर घाल, पण कुणी झोपायचं नाही. माझी गादी खाली घाल, खिडकीच्या बाजूला, डोक्याकडच्या पायाशी. दोन वर्षं मी तशीच झोपत होते, पलंगाच्या पायावर हात ठेवून. आई जरा हलली, की हाताला कळायचं.

खाली बसलं की मला उठता येत नाही, म्हणूनच तू हा पलंग शोधलास, हे मी विसरलेले नाही. डॉक्टर ओरडतील, निवेदिता ओरडेल. तू काही बोलू नकोस. दुसरं काही मला जमायचं नाही.

प्रत्येक पत्रात आपण लोभ मागतो. या वेळी मला तो नको. रोज सकाळी येऊन हात दे, आणि मला उठव. तेव्हा उठवायला कुणी नव्हतं.

तुझी,
ताई