उत्तरेच्या खिडकीसंबंधी

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, व्यवसाय वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना जाहीर करतो की, गच्चीवरच्या खोलीचा नकाशा निघाल्यापासून मला माझ्याच घरात चहा दुसरा मिळतो. पहिला कप वास्तुविशारदाला. तोवर माझ्या कपावर साय धरते. एवढं सोसूनही मी शुद्धीत आहे, हे आमच्या डॉक्टरांनी तपासलं आहे. म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे. जिभेवर माझ्याकडे औषध नाही."

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि गच्चीवर व्हायची असलेली खोली पत्नीस.

ती खोली अजून कागदावरच का, याचा खुलासा करणे भाग आहे. खोली मला लिहिण्यासाठी हवी होती. वास्तुविशारद आला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे वळला. "वहिनी, तुम्हाला उजेड कुठून हवा?" तिला वहिनी म्हणायचं तर मी भाऊ झालो, मला मात्र साहेब!

पत्नी घड्याळं दुरुस्त करते, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, दिव्याखाली. ती लगेच म्हणाली, "उत्तरेकडून. थेट ऊन आलं की बारीक स्क्रू चमकतात, दिसत नाहीत." इतक्या वर्षांच्या संसारात तिला एखादी दिशा हवी असेल, हे माझ्या कानावर नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"अहो, त्यांनी विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?"

त्याने उत्तरेला भिंतभर खिडकी काढली. मी म्हटलं, लिहिताना मला कोरी भिंत लागते. तो म्हणाला, "साहेब, खिडकी गाळली तर मी सही करणार नाही." मग त्याची सही झालेल्या नकाशावरची खिडकी मी पांढऱ्या शाईने बुजवली, त्यानेच टेबलावर विसरलेल्या पेन्सिलीने तिथे भिंत ओढली आणि अर्ज दाखल केला. अर्ज परत आला. शेरा असा : 'नकाशात खाडाखोड. शिवाय खिडकी नसलेली खोली वास्तव्यास अयोग्य. अडगळीची खोली म्हणून अर्ज करावा.'

"बघा," पत्नी म्हणाली, "आत कोण बसणार ते कचेरीनेसुद्धा ओळखलं."

विशेष झोंबलं ते हे : वास्तुविशारदाने नवा नकाशा आणून दिला, खिडकीसकट. तेव्हापासून तो मालकाच्या सहीसाठी माझ्या कपाटात पडून आहे.

२. शिडी साडूंना. ती त्यांच्याकडेच असते. आता निदान लाजायला नको.

३. माझी पुस्तकं वाचनालयाला. साडूंना वाचायला देऊ नयेत, शिडीसारखी राहतील.

४. आज सकाळी पत्नीने हाक मारली, "अहो, सेकंदकाटा पडलाय कुठेतरी, बघता का जरा?" काटा तिच्या समोरच्या पांढऱ्या फडक्यावर होता, बोटापासून वीतभरही नाही. मी उचलून दिला. ती म्हणाली, "खाली पडला होता का?" मी म्हटलं, "हो, टेबलाखाली."

सबब, नव्या नकाशावर आणि अर्जावर मी आजच सही केली आहे. माझ्या मरणाची वाट न पाहता खोली बांधावी. माझी खुर्ची दक्षिणेच्या भिंतीला लावावी. तिथून तिची पाठ दिसते, तेवढी मला पुरे.

५. वास्तुविशारदास काहीही मिळू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केलं आहे. त्यामुळे एक अडचण झाली. त्याची पेन्सिल त्याला मृत्युपत्रातून परत देता येत नाही. ती टोक काढून आत्ताच त्याच्या बशीत ठेवली.

चहा आज दोघांना एकदमच आला.

ठिकाण : जेवणाचं टेबल, घड्याळांचा कोपरा सोडून
दिनांक : अर्ज पुन्हा दाखल केला तोच
सही : मालक

साक्षीदार :
१. डॉक्टर (डोक्यापुरते)
२. वास्तुविशारद (सही पेन्सिलीने करू लागला, शाईचं पेन मी दिलं)